लेकरं घेऊन रामटेक-खिंडसी: एका दिवसाचा प्लॅन कसा करायचा

नागपुरातून लेकरांना घेऊन एका दिवसात कुठे जायचं म्हटलं की घरात आधी यादी बनते, रामटेक, मनसर, नगरधन, खिंडसी, आणि जमलं तर पेंच पण. पहिले तर त्या यादीतून पेंच काढून टाका. सफारीचा दिवस वेगळा असतो, तो असा शेपटासारखा जोडता येत नाही. मग उरलेल्यातून एक डोंगर अन् एक पाणी एवढंच ठेवा, म्हणजे सकाळी रामटेकचा गड अन् दुपारनंतर खिंडसीचा तलाव. लहान पोट्टे असतील तर एवढ्यातच दिवस भरतो, खरंच.

सीझनचं बोलायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो, जरूर जा, पण पायऱ्या शेवाळून निसरड्या होतात त्यामुळे पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर हात सोडायचा नाही. मार्च संपला की विषय बंद, आपल्या नागपूरच्या उन्हात कोण दगडावर चढवतं लेकरांना. रामनवमी अन् त्रिपुरी पौर्णिमेला तिथे तुफान गर्दी असते, देवदर्शनासाठी जायचं असेल तर गोष्ट वेगळी, फिरायला म्हणून त्या दिवशी जाऊ नका.

रस्ता सोपा आहे, कामठी रोडने निघा किंवा बायपासने, मग जबलपूर हायवेने मनसर अन् तिथून उजवीकडे रामटेक, शहरातून साधारण पन्नास किलोमीटर. सातला घर सोडलं तर नऊच्या आत वर पोचता, नाश्ता धरून. नाश्त्यात मोठ्यांनी पोह्यांवर हवी तेवढी तर्री (तिखट रस्सा) घ्यावी पण लेकरांना कोरे पोहेच द्या, पुढे गाडीत कोणाचं पोट बिघडलं तर दिवस गेला. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी संत्रं ठेवा, सोललेल्या सालीचा वास घेतला तरी बरं वाटतं, अन् सीझनमध्ये आपल्याकडे संत्र्यांची काय कमी.

गडावर जायला गाडीरस्ता आहे, जवळपास वरपर्यंत गाडी जाते, अन् खाली अंबाळा तलावाकडून पायऱ्याही आहेत. लेकरं आठ-दहा वर्षांची असतील तर एका मोठ्या माणसाने त्यांना पायऱ्यांनी न्यावं, बाकीच्यांनी गाडीने वर जाऊन थांबावं, सगळ्यांना चढवायचा अट्टाहास करू नका.

आता वानरं. हे नीट वाचा कारण रामटेकला लेकरं रडतात ती थकून नाही, वानरांमुळे रडतात. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, आपल्या मुलांच्या खांद्याएवढी उंच बसलेली असतात भिंतीवर, अन् त्यांना पिशवीचा चुरचुर आवाज बरोबर कळतो. चिप्सचं पाकीट, प्रसादाची पन्नी, हातातलं केळ, काहीही उघडं दिसलं की गेलंच समजा. त्यामुळे खाऊ गाडीतच ठेवायचा, प्रसाद घेतला की लगेच चेनच्या बॅगेत. लेकरांना घरूनच सांगून ठेवा की वानराकडे टक लावून बघायचं नाही, दात दाखवून हसायचं नाही, अन् त्याने काही ओढलं तर सोडून द्यायचं, खेचाखेची करायची नाही, पळायचं तर अजिबात नाही.

वर राम अन् लक्ष्मणाची वेगवेगळी देवळं आहेत, चपला बाहेर ठेवाव्या लागतात अन् अकरानंतर दगड तापतात, म्हणून जाड मोजे सोबत घ्या, फार कामाचे. तटावरून खाली शेतं अन् तळी दिसतात, लेकरांना तिथेच दहा मिनिटं बसू द्या. केवल नरसिंहाचं देऊळ वाकाटकांच्या काळचं, म्हणजे पाचव्या शतकातलं, त्या राज्याचा कारभार चालवणारी राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी होती, एवढी गोष्ट सांगितली की पोरी तरी कान टवकारतात. कालिदास स्मारकही डोंगरावरच आहे. ढगाच्या हाती निरोप पाठवणाऱ्या यक्षाची गोष्ट मेघदूतात आहे अन् त्यातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी मांडलं होतं. तेवढं सांगा अन् पुढे चला, लेक्चर नको.

बारा-साडेबाराला खाली उतरून जेवण. डब्ब्यात तिखट पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी, सांबारवडी (म्हणजे कोथिंबिरीची वडी), हे सगळं थंडही चांगलं लागतं. दहीभात नको, आंबतो. जेवल्यावर लहानग्यांना गाडीत झोपू द्या, मोठ्यांनी पण डुलकी काढा, यात वेळ वाया जात नाही, उलट संध्याकाळ वाचते.

खिंडसीला तीन-साडेतीनच्या सुमारास पोचा, त्याआधी गेलं तर दुपारचं ऊन पाण्यावरून थेट डोळ्यात येतं. बोटिंगला बसण्याआधी लाइफ जॅकेट लेकराच्या मापाचं आहे का ते स्वतः बघा, खांद्यावर धरून वर ओढा, हनुवटीच्या वर सरकत असेल तर ते मोठं आहे, दुसरं मागा, नाही मिळालं तर काठावर बसून शिंगाडे खा, काही बिघडत नाही. डिसेंबरात साडेपाचला सूर्य बुडून जातो अन् हायवेवर ट्रकची रांग असते, तर पाचला निघालेलं बरं.

गाडी नसेल तर नागपूरहून रामटेकला एसटी आहे, अन् इतवारीहून रेल्वे पण जाते. रेल्वे हळू चालते पण लेकरांना खिडकी मिळाली की तीच अर्धी सहल होऊन जाते. फक्त परतीच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी बघून घ्या, अन् गावातून गडावर अन् खिंडसीला जायला ऑटो करायचा तर दोन्हीकडचं भाडं आधीच ठरवून टाका.