पाइपलाइनच्या पोलादातील हायड्रोजनजन्य तडे : चाचणी कशी करावी

ओलावा आणि हायड्रोजन सल्फाइड असलेला वायू वाहून नेताना पाइप आतून गंजतो व त्या क्रियेत सुटलेला अणुरूप हायड्रोजन पोलादात शिरतो. रोलिंगमध्ये चपटे झालेले मँगनीज सल्फाइडचे कण किंवा जाडीच्या मध्यावर साकळलेला मँगनीज जिथे असतो, तिथे या अणुरूप हायड्रोजनचे रेणू बनून दाब वाढतो आणि बाहेरचा भार नसतानाही धातूला आत तडे जातात. कॅल्शियम घालून हे कण गोलसर ठेवता येतात. पण मध्यावरचा साका त्याने जात नाही, म्हणून गंधकाचे प्रमाण कमी आहे एवढ्यावर चाचणी टाळू नये.

नमुना १०० मिमी लांब, २० मिमी रुंद आणि शक्यतो भिंतीच्या पूर्ण जाडीचा घ्यावा; वेल्ड असलेल्या पाइपचा एक नमुना वेल्डवरून घ्यावा. पृष्ठभाग ३२० ग्रिटच्या (दाण्याच्या बारीकपणाचा क्रमांक) घासकागदापर्यंत घासून तेलकटपणा पूर्ण काढावा. ५ टक्के मीठ व ०.५ टक्के ॲसिटिक आम्ल असलेल्या द्रावणातून आधी नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हाकलावा, मगच हायड्रोजन सल्फाइडने ते संपृक्त करून नमुने ९६ तास ठेवावेत. हा वायू प्राणघातक आहे आणि जास्त मात्रेत त्याचा वास जाणवेनासा होतो. त्यामुळे गळती ओळखायला नाकावर मुळीच भिस्त ठेवू नये, शोधक यंत्रच हवे.

खरी कसोटी त्यानंतर लागते. नमुन्याचे तीन आडवे छेद घेऊन ते आरशासारखे पॉलिश करावेत, कारण घाईत केलेल्या पॉलिशमध्ये धातू पसरून बारीक तडे बुजतात आणि खराब पोलादही उत्तीर्ण होते. मोजताना ०.५ मिमीपेक्षा कमी अंतरावरचे तडे एकच धरायचे असतात. समजा, २० मिमी रुंद छेदात १.८ व १.२ मिमीचे दोन तडे एका रेषेत असून त्यांच्यात ०.४ मिमी अंतर आहे. वेगळे मोजल्यास तड्यांच्या लांबीचे गुणोत्तर (एकूण लांबी भागिले छेदाची रुंदी) १५ टक्के, एकत्र धरल्यास १७ टक्के येते. तीन छेदांच्या सरासरीसाठी एपीआय ५एल या पाइपलाइनच्या पाइपांसाठीच्या मानकातील नेहमीची मर्यादा १५ टक्के आहे. तड्यांच्या जाडीचे छेदाच्या जाडीशी असलेल्या गुणोत्तरासाठी ती ५ व क्षेत्रफळाच्या तशाच गुणोत्तरासाठी २ टक्के असते. सरासरीत एखादा वाईट छेद झाकला जातो, त्यामुळे अहवालात प्रत्येक छेदाचे आकडे छायाचित्रासह स्वतंत्र द्यावेत.