हल्ल्याची बातमी आल्यावर समोरासमोर बोलायची आमची रीत

कुठं स्फोट झाला, गोळीबार झाला की व्हॉट्सअॅपवर भांडण पेटतं. ते विझवायचं कसं, हे मला येत नाही. दोघांनी एका खोलीत बसून बोलायचं कसं, एवढं सांगू शकतो. मी ठाण्याचा बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, निवृत्त शिक्षक. अर्धं गणगोत इस्रायलात, भिंतीपलीकडचे शेजारी मुसलमान. विषय टाळायची सोयच नाही.

पहिल्या दिवसांत वाद काढू नका. आमच्यात दफनानंतर सात दिवस शिवा, म्हणजे दुखवटा, पाळतात. भेटायला आलेल्यानं आधी तोंड उघडायचं नाही, दुखवट्यातला माणूस बोलेपर्यंत गप्प बसायचं, हा तलमूदचा, म्हणजे आमच्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथाचा, दंडक. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासनं इस्रायलात सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ जणांना ओलीस नेलं, आणि त्याच आठवड्यात ‘पण त्याआधीचा इतिहास बघा’ सुरू झालं. इतिहास बघायचाच आहे. माती तरी होऊ द्या. गाझात ज्याचं घर गेलं त्याच्यासमोरही हेच. तिथं ‘पण सुरुवात कुणी केली’ म्हणायचं नाही.

मग बसा, आणि समोरच्याची बाजू आधी तुम्ही मांडा. हिलेल आणि शम्माय या दोन जुन्या ज्यू गुरूंच्या शिष्यांचा वाद तीन वर्षं चालला, असं तलमूद सांगतं. शेवटी आकाशवाणी झाली: दोन्ही देवाचेच शब्द, पण आचार हिलेलच्या मताप्रमाणे. का? तर ते नम्र होते आणि शम्मायवाल्यांचं म्हणणं आपल्या म्हणण्याआधी सांगत. मला या धर्मातलं सगळ्यात कामाचं हेच वाटतं. करायचं असं: शेजारी सांगतो, ७ ऑक्टोबरला माझ्या चुलतबहिणीला काय वाटलं असेल. मी सांगतो, तंबूत राहणाऱ्या गाझातल्या आईला काय वाटत असेल. ‘हो, हेच म्हणायचं होतं मला’ असं समोरचा म्हणेपर्यंत स्वतःचा मुद्दा काढायचा नाही. माणसं ‘कळलं, कळलं’ म्हणून पुढं उडी मारतात. मारू देऊ नका, परत सांगायला लावा. यात एक संध्याकाळ गेली तरी चालेल.

समजून घेणं म्हणजे सूट देणं नव्हे, म्हणून रेषाही आखा. तलमूदमधलीच गोष्ट: एक माणूस रावा नावाच्या धर्मपंडिताकडं आला: सुभेदार म्हणतो, अमक्याला मार, नाहीतर तुला मारतो. रावा म्हणाला, मर, पण मारू नकोस. तुझं रक्त त्याच्यापेक्षा लाल कशावरून? अंगावर धावून येणाऱ्याला रोखायचा हक्क शास्त्र देतं. पण हातपाय जायबंदी करून भागत असताना जीव घेतला, तर तो खून. ही रेषा आधी आपल्या अंगणात आखावी. १९९४मध्ये हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणारे २९ जण मारणारा बारुख गोल्डस्टाइन ज्यू होता. ४ नोव्हेंबर १९९५ला इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांना मारणारा ज्यूच, आणि त्यानं याच स्वसंरक्षणाच्या नियमाचा आधार घेतला. ही नावं शेजाऱ्याच्या तोंडून यायच्या आधी माझ्या तोंडून यायला हवीत.

त्याच्याकडंही सांगण्यासारखं आहे. २६/११ला मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात रब्बी (धर्मगुरू) गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी बाहेर काढलं. पुढं मेलेल्या नऊ अतिरेक्यांना कबरीसाठी जागा द्यायला मुंबईतल्या मुस्लिम ट्रस्टनं साफ नकार दिला.

सामाईक वचन हवं असेल तर मिश्नाचा (तलमूदचा मूळ भाग) सन्हेद्रिन ४:५ आणि कुराणाची ५:३२ शेजारी ठेवून वाचा: एक जीव वाचवला त्यानं जग वाचवलं. गोड भाग तेवढा वाचून उठू नका. मिश्नाच्या काही प्रतींत ‘इस्रायलचा एक जीव’ असं आहे, आणि कुराणात पुढच्याच आयतीत कडक शिक्षा आहेत. दोन्ही बोला.

सीमा, जेरुसलेम, एक राष्ट्र की दोन, हे पहिल्या बैठकीत नको. यित्झाक फ्रँकेन्थाल यांच्या मुलाला हमासनं १९९४मध्ये मारलं. पुढच्या वर्षी त्यांनी शोकग्रस्त कुटुंबांचं मंडळ उभं केलं, त्यात पुढं दोन्हीकडची कुटुंबं आली. तिथं येणाऱ्यांचं नकाशावर एकमत असावं, अशी अट नाही. आमचंही नाही. मागच्या रविवारी शेजारी जेरुसलेमवर अडला, मीही अडलो. पुढच्या बैठकीत त्याची बाजू मी मांडणार आहे, तयारी चालू आहे.