खाडीकाठी चतुर पाहायला जाताना या चुका टाळा

पक्षी पाहण्याची सवय लागलेला माणूस चतुर (ड्रॅगनफ्लाय) पाहायला निघाला की पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत हमखास निराश होतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा त्या सवयीतच दडलेले असते. पहाटे साडेसहाला मुंबईतल्या भांडुप पंपिंग स्टेशनच्या रस्त्यावर हजर व्हायचे आणि नऊच्या सुमारास ऊन चढू लागले की दुर्बीण पिशवीत टाकून परतायचे, हा क्रम पक्ष्यांसाठी योग्य आहे. चतुरांचा दिवस मात्र नेमका त्याच वेळी सुरू होतो. पंखांचे स्नायू तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही, म्हणून सकाळी ते गवताच्या पात्यांवर उन्हाची वाट पाहत बसून राहतात. नऊ ते अकरा ही वेळ राखून ठेवावी. भर दुपारी काही जाती शेपटीसारखे दिसणारे पोट सरळ सूर्याकडे उभे करून बसतात. तो आजार किंवा इजा नव्हे. अंगावर कमीत कमी ऊन पडावे म्हणून घेतलेला तो पवित्रा असतो.

दुसरी चूक पाण्याची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. खाडी म्हणजे पाणी, पाणी म्हणजे चतुर, असे गृहीत धरून लोक होडीत बसतात आणि तासभर तिवरांच्या कडेने फिरूनही त्यांना एखाददुसराच चतुर दिसतो. चतुर आणि त्यांच्या नाजूक बांध्याच्या भाऊबंद टाचण्या (डॅमसेलफ्लाय) यांची पिल्ले पाण्यात वाढतात हे खरे, परंतु बहुतेक जातींना त्यासाठी गोडे पाणी लागते, आणि खारेपणा सोसणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. म्हणून खाडीकडे पाठ करून उभे राहावे. रस्त्याकडेची पावसाची डबकी, पाणकणसाची बेटे, नाला खाडीला मिळतो त्याच्या अलीकडचा गवताळ पट्टा, या जागा बघाव्यात. नाल्याच्या काळ्या पाण्याला नाक मुरडून पुढे जाऊ नये, कारण पंखांवर नारिंगी झाक असलेला डिच ज्वेल तिथेच विपुल असतो; त्याला घाण पाणी सोसते. हाच नियम खऱ्या त्रिभुज प्रदेशातही लागू पडतो. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळताना मोठा त्रिभुज प्रदेश तयार करते, तर आपल्या किनाऱ्यावरच्या नद्या खाड्यांमधून समुद्राला मिळतात. काकीनाड्याजवळच्या कोरिंगा अभयारण्याची सहल काढलीत, तर होडीची फेरी पक्ष्यांसाठी ठेवा आणि चतुरांसाठी मागच्या भातशेतीतल्या कालव्यांकडे वेळ द्या.

ऋतूचा घोळही असाच होतो. ठाणे खाडीतला फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग 2015 मध्ये घोषित झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तेव्हापासून ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणाऱ्या होडीच्या फेऱ्या अनेकांना ठाऊक झाल्या आहेत. फ्लेमिंगो पाहण्याचा चांगला काळ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा, तर चतुरांचा ऑगस्ट ते नोव्हेंबर. एकाच सहलीत दोन्ही भरपूर पाहायचे ठरवले तर दोन्ही अर्धवट राहतात. दोन सहली कराव्यात, हे उत्तम.

भरती-ओहोटी न पाहता रविवार ठरवणे ही चूक खाडीवर सर्वांनाच महागात पडते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही कामाचा आहे: तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे हाती येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मुंबईत त्यात अर्धा-पाऊण तास पुढे धरावा आणि खाडीच्या वरच्या टोकाला पाणी आणखी उशिरा पोहोचते हे लक्षात ठेवावे. नेमकी वेळ तक्त्यात पाहून घ्यावी. सकाळी दहा-अकराला चिखल उघडा हवा असेल, तर षष्ठी ते अष्टमीचा सुमार बरा. त्या दिवसांत भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असल्याने पाणी फार दूर ओसरत नाही, पण काठावरच्या निवट्या (चिखलावर फिरणारे छोटे मासे) आणि खेकडे मनसोक्त पाहता येतात. निवटी ओल्या चिखलावर पुढच्या परांनी रेटा देत सरकते, मध्येच डोळे आत ओढून ओले करून घेते आणि जराशी सावली पडली तरी बिळात गडप होते. होडीला मात्र पाणी लागते, त्यामुळे फेरीची वेळ केंद्राकडे विचारूनच घरून निघावे.

होडीत बसल्यावर “दादा, थोडं जवळ घ्या ना, उडताना फोटो मिळेल,” ही विनवणी कृपया करू नये. फ्लेमिंगोंना चिखलात चरायला ओहोटीचे मोजकेच तास मिळतात, आणि थवा उठवला की त्या तासांतला वेळ आपण हिरावून घेतो.

ओळखण्यातली नेहमीची चूक म्हणजे रंगावर भिस्त ठेवणे. लाल दिसला की एकच नाव लिहिले जाते. प्रत्यक्षात रक्तासारखा लाल आणि पोटावरून बारीक काळी रेघ गेलेला स्कार्लेट स्किमर वेगळा, आणि गुलाबी-जांभळट छटेचा क्रिमसन मार्श ग्लायडर वेगळा. त्यातही माद्या आणि कोवळे नर पिवळसर असल्याने गोंधळ वाढतो. म्हणून छायाचित्र एकदा वरून आणि एकदा बाजूने घ्यावे, म्हणजे छातीवरचे पट्टे आणि पोटाचे टोक दोन्ही दिसतात. पंख मिटून बसते ती टाचणी, हा नियम उपयोगी असला तरी पुरेसा नाही, कारण काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवतात. डोळ्यांत ठळक अंतर असेल तर ती टाचणी, असे पाहावे. दुर्बीण घेताना ती किती जवळचे स्पष्ट दाखवते हे तपासून घ्या. दोन मीटरवर फोकस होत नसेल तर समोरच्या काडीवरचा चतुर धूसरच दिसेल. तो उडाला तर मागे धावू नका. बरेचसे चतुर त्याच काडीवर परत येतात, आणि आपली सावली तिच्यावर पडत नसेल तर लवकर येतात.

गाडी डबक्याला लागून उभी करू नये, याचे कारण मला एका सप्टेंबरात दिसले. पाऊस नुकताच थांबला होता आणि गडद रंगाच्या गाडीच्या बॉनेटवर वाँडरिंग ग्लायडरची जोडी, नर पुढे आणि मादी मागे, पुन्हा पुन्हा खाली येत होती. प्रत्येक खेपेला मादी पोटाचे टोक पत्र्याला टेकवी. गुळगुळीत पत्र्यावरून परावर्तित झालेला प्रकाश त्यांना पाण्यासारखाच भासतो. ती अंडी तापल्या पत्र्यावर वाळून जातात. मी बॉनेटवर जुनी चादर टाकली, तेव्हा ती जोडी शेजारच्या डबक्याकडे वळली. हीच जात पावसाळ्यानंतर मालदीववरून हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जाते, असे मानण्यास सबळ आधार आहे.

पाणकणसावर चिकटलेली कोरडी कात दिसली तर तिच्या आसपास बोट लावण्यापूर्वी नीट पाहावे. नुकताच बाहेर आलेला चतुर फिकट असतो, त्याचे पंख काचेसारखे चकाकतात आणि इतके मऊ असतात की स्पर्शाने पडलेली घडी पुढे सरळ होत नाही.

संध्याकाळी लवकर निघून जाणे ही शेवटची चूक. सूर्य मावळताना इतर चतुर बसून घेतात आणि त्याच वेळी पंखांवर पांढरा डाग असलेला कोरल-टेल्ड क्लाउडविंग डबक्यावर येतो. त्या अंधुक उजेडात शरीर दिसत नाही, दोन पांढरे ठिपके मात्र पाण्यावरून पुढेमागे फिरताना दिसतात.