वंशभेदाची आयएटी चाचणी: निकालातला आकडा कसा वाचायचा

आयएटी, म्हणजे इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, ही मनातले ‘सुप्त’ कल मोजण्यासाठीची चाचणी मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत मांडली. पडद्यावर ‘श्वेतवर्णीयांकडे मध्यम कल’ असं आलं, की अनेक जण स्वतःला वर्णद्वेषी ठरवून मोकळे होतात. तसं करू नका. आधी चाचणीत काय मोजलं जातं ते बघा.

चाचणी संगणकाच्या कीबोर्डवर द्या: डावं बोट ‘ई’वर, उजवं ‘आय’वर. पडद्यावर एकेक चेहरा किंवा चांगला-वाईट शब्द येतो, तो कोणत्या गटातला ते बटण दाबून सांगायचं. टप्पे सात. पहिला, दुसरा आणि पाचवा टप्पा सरावाचा; हिशेब होतो तो तिसऱ्या-चौथ्या आणि सहाव्या-सातव्याचा. एका जोडीत श्वेतवर्णीय चेहरे आणि चांगले शब्द यांना एकच बटण, दुसऱ्या जोडीत कृष्णवर्णीय चेहरे आणि चांगले शब्द यांना. कोणत्या जोडीला बोट जास्त रेंगाळतं, तेवढंच टिपलं जातं.

समजा, पहिल्या जोडीला सरासरी ७५० मिलीसेकंद लागले, दुसरीला ९००. फरक १५०. तुमच्या सगळ्या वेळांचं प्रमाण विचलन, म्हणजे वेळा सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत त्याचं माप, ३०० असेल, तर १५० ला ३०० ने भागून ढोबळमानाने गुण ०.५. ०.१५ पासून ‘किंचित’, ०.३५ पासून ‘मध्यम’, ०.६५ पासून ‘तीव्र’. या सीमारेषा संशोधकांनी आखलेल्या आहेत; त्या ओलांडल्या म्हणून माणूस बदलत नाही. घाईघाईत बटणं दाबू नका: दहा टक्क्यांहून जास्त उत्तरं ३०० मिलीसेकंदांच्या आत आली, तर निकाल बाद धरतात.

चूक होते ती इथे. जी जोडी आधी येते तिची बोटांना सवय होते आणि दुसरी जड जाते. शिवाय समाजात कानावर पडलेला एखादा समज ठाऊक असणं आणि तो पटणं, यांतला फरक घड्याळाला कळत नाही. त्याच माणसाने पुन्हा चाचणी दिली तर दोन निकालांतला सहसंबंध (निकाल किती जुळतात त्याचं माप; पूर्ण जुळले तर १) साधारण ०.५ एवढाच भरतो. म्हणून एका निकालावर विसंबू नका. वेगवेगळ्या दिवशी चार-पाच वेळा देऊन सरासरी काढा. ‘सुप्त’ हा शब्दही जपून वापरा: २०१४ च्या एका अभ्यासात लोकांनी आपले निकाल आधीच बऱ्यापैकी अचूक ओळखले होते.

प्रत्यक्ष वागण्याशी या गुणांचं नातं क्षीण आहे. हजारोंच्या सरासरीतून समाजाचा कल दिसतो, एका माणसाचं वर्तन सांगता येत नाही. त्यामुळे नोकरभरतीत उमेदवार किंवा मुलाखत घेणारा निवडायला ही चाचणी मुळीच वापरू नका. कार्यालयात भेदभाव होतो का हे तपासायचं असेल, तर सारख्या पात्रतेच्या अर्जांपैकी कोणाला मुलाखतीला बोलावलं आणि कोणाला वगळलं, याच्या नोंदी काढा.