सिस्टम हेडरमध्ये नवा कॉन्स्टंट घालताना जुन्या बायनरी कशा सांभाळाव्यात

हेडर, म्हणजे प्रोग्रॅमना सामायिक व्याख्या पुरवणाऱ्या फाइलमधल्या कॉन्स्टंटचे नाव कंपाइल होताना गळून पडते आणि उरतो तो आकडा, जो त्या वेळी बनलेल्या प्रत्येक बायनरीत (चालवण्याजोग्या तयार प्रोग्रॅममध्ये) कायमचा जाऊन बसतो. म्हणून एकदा प्रसिद्ध झालेला आकडा बदलू नये, वापरातून गेलेला आकडा दुसऱ्या अर्थाने पुन्हा देऊ नये, आणि एनममध्ये (क्रमाने आकडे मिळणाऱ्या नावांच्या यादीत) नवी नोंद शेवटीच घालावी. मध्ये घातल्यास, स्वतःचा आकडा न दिलेल्या खालच्या नोंदी एकेक घर पुढे सरकतात.

एवढे बहुतेकांना ठाऊक असते. घात होतो तो बहुधा नव्या आकड्याने नव्हे, तर त्यावरून ज्याची लांबी ठरते त्या अ‍ॅरेने किंवा तक्त्याने. त्यामुळे कॉन्स्टंट घालण्यापूर्वी कमाल मर्यादा सांगणाऱ्या ‘मॅक्स’सारख्या नावांचा वापर कुठे कुठे झाला आहे, हे शोधून काढावे. याचे बोलके उदाहरण म्हणजे ग्लिब्सी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीतला सिस-एररलिस्ट हा एरर-संदेशांचा तक्ता. एररनोमध्ये (एरर-क्रमांकांच्या यादीत) नवा क्रमांक आला की हा तक्ता वाढे. पण जुन्या पद्धतीने लिंक झालेल्या प्रोग्रॅममध्ये लिंकरने (प्रोग्रॅमचे भाग जोडणाऱ्या साधनाने) तक्त्याच्या जुन्या लांबीइतकीच जागा राखलेली असे आणि प्रोग्रॅम सुरू करताना लायब्ररी जोडून देणारा लोडर तेवढाच भाग तिथे उतरवून घेई. एकूण संदेशांची संख्या सांगणारा सिस-नएर मात्र नवा, मोठा आकडा दाखवी, आणि त्यावर विसंबलेला प्रोग्रॅम आपल्या जागेबाहेरचे वाचू लागे. हे टाळण्यासाठी दोन्ही सिम्बॉलची (लायब्ररीने उघड केलेल्या नावांची) नवी आवृत्ती काढून जुनी आवृत्ती जुन्या लांबीसह जपावी लागे. अखेर 2020 मध्ये आलेल्या ग्लिब्सी 2.32 पासून नव्याने लिंक होणाऱ्या प्रोग्रॅमना हा तक्ता मिळेनासा झाला. तक्ता उघडा ठेवण्याऐवजी क्रमांकावरून संदेश देणारे स्ट्रएररसारखे फंक्शन देणे केव्हाही शहाणपणाचे.

फ्लॅगची, म्हणजे एकेका बिटाने पर्याय सांगणाऱ्या कॉन्स्टंटची, गोष्ट वेगळी आहे. नव्या हेडरवर कंपाइल झालेला प्रोग्रॅम जुन्या कर्नलवरही (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यावरही) चालवला जातो, आणि फाइल उघडणारा ओपन हा सिस्टम कॉल (कर्नलला केलेली विनंती) अनोळखी बिटांकडे काणाडोळा करतो. म्हणून 2013 मध्ये लिनक्स 3.11 मध्ये ओ-टीएमपीफाइल हा निनावी तात्पुरत्या फाइलचा फ्लॅग आणताना त्यात ओ-डिरेक्टरीचा (‘डिरेक्टरीच उघडा’ सांगणारा) बिट मुद्दाम मिसळला आणि फाइल लिहिण्यासाठी उघडण्याची अट घातली, जेणेकरून डिरेक्टरी लिहिण्यासाठी उघडता येत नसल्याने जुना कर्नल गुपचूप भलतेच काही न करता एरर देईल. ही युक्ती चतुर खरी, पण नवा सिस्टम कॉल रचताना अनोळखी बिट पहिल्या दिवसापासून नाकारावेत, लिनक्स 5.6 मधला ओपनअ‍ॅट2 तसेच करतो.

एनममधल्या नावासाठी त्याच नावाचा मॅक्रोही (कंपाइलपूर्वी बदलून टाकला जाणारा शब्द) द्यावा, कारण अनेक प्रोग्रॅम ते नाव उपलब्ध आहे का याची इफडेफने तपासणी करतात, आणि इफडेफला फक्त मॅक्रो दिसतो. शेवटी जुन्या हेडरवर बनवलेली बायनरी नव्या लायब्ररीवर चालवून पाहावी. अ‍ॅबीडिफने दोन लायब्ररींची तुलनाही करावी; मात्र हे साधन डीबग माहितीवर (कंपायलरने बायनरीत नोंदवलेल्या तपशिलावर) चालत असल्याने त्याला एनममधला बदल दिसतो, मॅक्रोचा बदललेला आकडा दिसत नाही, तो डोळ्यांनीच तपासावा लागतो.