कायोटीच्या रायफलीचा झीरो: २०० यार्ड का, आणि कधी नाही

कायोटी म्हणजे लांडग्याच्या कुळातलं, उत्तर अमेरिकेतलं जनावर. त्याच्यासाठी घेतलेली रायफल किती यार्डांवर झीरो करायची, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल असं कुठल्या अंतरावर जुळवायचं, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: कायोटीची छाती किती खोल असते, सांगा बरं. बहुतेक जण हाताने दाखवतात ते माप हरणाचं असतं.

मी जनावरांची डॉक्टर आहे. शिरवळला शिकले आणि आता वायोमिंगमध्ये, बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याशी, बफेलो गावाच्या आसपासच्या मेंढ्यांच्या रँचवर काम करते. वसंतात कोकरं जन्मायला लागली की मला फोन येतात. मेलेल्या कोकराच्या मानेवरची कातडी सोलून पाहिली की गळ्याखाली दातांची भोकं आणि साकळलेलं रक्त दिसतं. कायोटी गळा धरून मारतो, त्यामुळे वरून कधीकधी काहीच दिसत नाही. राखणीची पांढरी कुत्री, कुंपण, रात्रीचा पहारा हे सगळं असतंच. तरी काही कायोटी मारावे लागतात. मारायचंच असेल तर ते जनावर एका गोळीत, जागेवर मरायला हवं. झीरोचा विचार मी तिथून सुरू करते.

आमच्याकडचा मोठा कायोटी साधारण १२ ते १५ किलोचा. हिवाळी लव भरली की दुप्पट दिसतो, पण लव काढली तर पाठीपासून छातीच्या तळापर्यंत आठेक इंच. त्यात हृदय खाली, कोपराच्या मागच्या बाजूला. फुप्फुसं त्याच्या वर आणि मागे. नक्की मारणारी जागा जेमतेम चार इंच व्यासाची धरा. शिवाय सशाच्या किंकाळीचा आवाज वाजवून बोलावलेला कायोटी बहुधा तोंड समोर करून येतो, आणि समोरून छातीची रुंदीही तेवढीच. म्हणजे नेमाच्या बिंदूपासून वर दोन इंच, खाली दोन इंच, एवढीच मोकळीक. हरणासाठी तीन इंच वर, तीन इंच खाली असा हिशेब सांगतात, तो इथे चालत नाही.

त्या दोन इंचांतूनही थोडं आधीच खर्च झालेलं असतं. रायफल कागदावर गोळ्यांचा कितीही छान, दाट गट पाडू दे, बर्फात बसून, काठ्यांच्या टेकूवर, श्वास चढलेला असताना तुमची गोळी अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे जाणारच. आणि गोळी कमानीतून जाते: आधी नेमाच्या रेषेवर चढते, झीरोच्या अंतरावर तिला मिळते, मग खाली जाते. म्हणून मधल्या अंतरावर ती नेमाच्या रेषेवर दीड इंचापेक्षा जास्त चढता कामा नये, हा माझा नियम. झीरोचं अंतर त्यातूनच निघतं.

सगळ्यात जास्त दिसणारं काडतूस घेऊ: २२३ रेमिंग्टन, ५५ ग्रेनची (सुमारे साडेतीन ग्रॅमची) हलकी, फुटणारी गोळी, नळीतून सेकंदाला सुमारे ३२४० फुटांच्या वेगाने निघणारी. स्कोपचा, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीचा, मध्य नळीच्या मध्याच्या दीड इंच वर. २०० यार्डांवर झीरो केली तर १०० वर गोळी सुमारे १.४ इंच वर लागते, १५० वर सव्वा इंचाच्या आसपास, २५० वर तीनेक इंच खाली आणि ३०० वर सात इंच खाली. म्हणजे पायाशी आल्यापासून सुमारे २३० यार्डांपर्यंत छातीच्या मध्यावर नेम धरायचा आणि चाप ओढायचा. डोक्यात गणित नको, बोटाने टरेट (स्कोपवरची नेम सरकवणारी चकती) फिरवणं नको.

आता तीच रायफल ३०० वर झीरो करून पाहा. १५० यार्डांवर गोळी साडेचार इंचांहून वर जाते. आणि बोलावलेले कायोटी थांबतात ते बहुतेक वेळा दीडशेच्या आतबाहेरच. गोळी सगळ्यात उंच नेमकी तिथेच असते. पाठीवरून गोळी गेली तर निदान जनावर वाचतं. पाठीच्या कण्याला वरवर चाटून गेली तर ते मागचे पाय ओढत झुडपात शिरतं आणि मरायला दिवस घेतं. लांबच्या एखाद्या शक्यतेसाठी जवळची नेहमीची संधी बिघडवणारा झीरो मला पटत नाही.

१०० यार्डांचा झीरो वाईट नाही. दाट झाडी, ओढ्याकाठची विलोची झुडपं, रात्री थर्मलने (उष्णता टिपणाऱ्या स्कोपने) शिकार करायची असेल तर तोच ठेवा. तिथे १५० च्या पलीकडे दिसतंय काय! त्यात २०० वर गोळी पावणेतीन इंच खाली जाते आणि ३०० वर अकरा. अंतर मोजून टरेट फिरवायची सवय असणाऱ्यांनाही १०० सोयीचा, कारण वारा तिथे फार चाळवत नाही आणि झीरो स्वच्छ तपासता येतो. पण कायोटी धावत येतो, पाच सेकंद थांबतो आणि वळतो. तेवढ्यात रेंजफाइंडर काढून, आकडा वाचून, टरेट फिरवून नेम धरणारी माणसं मी थोडीच पाहिली आहेत. सेजब्रशच्या, म्हणजे बुटक्या करड्या झुडपांच्या, मोकळ्या माळावर माझं मत २००.

काडतूस बदललं की थोडी मुभा मिळते. २२-२५० रेमिंग्टनची ५० ग्रेनची गोळी सुमारे ३८०० फुटांनी निघते. तिला २०० वर झीरो केलं तर १०० वर पाऊण इंचच वर. झीरो २२५ पर्यंत नेला तरी ती दीड इंचाच्या आत राहते. २५० वर नेला की १५० च्या आसपास दोन इंच वर, म्हणजे मोकळीक संपली. एआर धाटणीची (एआर-१५ सारखी अर्धस्वयंचलित) रायफल असेल तर नळी बहुधा सोळा इंचांची, वेग कमी, पण स्कोप उंच बसलेला, नळीपासून अडीच इंचांहून वर. ही उंची कमी वेगाची बरीचशी भरपाई करते, म्हणून तिथेही २०० चालतं. फक्त २५ यार्डांवर गोळी इंचभर खाली लागते, आणि डोळ्यासमोर फांदी दिसत नसली तरी नळीसमोर असू शकते, हे ध्यानात ठेवा.

कॅलिफोर्नियात असाल तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी वापरता येत नाही. तांब्याच्या गोळीचा वेग आणि आकार दोन्ही वेगळे, त्यामुळे वरचे आकडे तिथे लावू नका. गोळी आणा आणि नव्याने झीरो करा.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. अमेरिकेत दिलेलं वैध शिकारीचं लायसन्स जवळ असेल तर त्यातून सूट आहे. वायोमिंगमध्ये कायोटीची गणना भक्षक प्राण्यांत होते आणि त्याच्या शिकारीला लायसन्स लागत नाही, म्हणून अनेक जण तसेच निघतात. तुम्ही निघू नका. मित्राची रायफल हातात घेण्याआधी लायसन्स काढा आणि आपल्या राज्याचे नियमही वाचा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

प्रत्यक्ष झीरो करताना मागे मातीचा उंच बांध किंवा टेकडी हवी. ज्या डब्यातली काडतुसं शिकारीला नेणार त्याच डब्यातली वापरा. पहिल्या गोळ्या २५ यार्डांवर, फक्त कागदावर याव्यात एवढ्यासाठी. मग १०० वर तीन गोळ्यांचा गट. त्याचा मध्य १.४ इंच वर येईल असं जुळवा. इथे बरेच जण थांबतात आणि २०० चा झीरो झाला असं म्हणतात. तो झालेला नसतो. १०० वरची अर्ध्या इंचाची चूक २०० वर एक इंच होते, आणि डब्यावर छापलेला वेग तुमच्या नळीतून मिळतोच असं नाही. २०० वर कागद लावा, शांतपणे पाच गोळ्या मारा, नळी मध्ये गार होऊ द्या. एकेका गोळीमागे टरेट फिरवू नका. पाचांचा मध्य काढा आणि मग फिरवा. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० वर पाव इंच, २०० वर अर्धा इंच. दीड इंच खाली असाल तर तीन क्लिक वर.

वारा पडलेला असताना हे करा. आमच्याकडे म्हणजे सूर्योदयानंतरचा तास. ताशी दहा मैलांचा आडवा वारा ही ५५ ग्रेनची गोळी २०० वर चार इंचांहून जास्त ढकलतो, ३०० वर दहाच्या आसपास. वाऱ्यात आडवा झीरो जुळवलात तर त्या दिवसाचा वारा रायफलीत कायमचा बसतो. झीरो कितीही अचूक असला तरी जोराच्या वाऱ्यात मी २०० च्या पलीकडे गोळी मारत नाही.

नंतर ५०, १५०, २५० आणि ३०० वर प्रत्येकी दोन-तीन गोळ्या मारून त्या कुठे लागतात ते चिकटपट्टीवर लिहा आणि दस्त्याला लावा. स्कोपच्या जाळीतल्या खालच्या खुणा वापरणार असाल तर तुमच्या स्कोपमध्ये त्या कुठल्या झूमला खऱ्या ठरतात ते पाहा. अनेक स्कोपमध्ये फक्त सर्वांत मोठ्या झूमला. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड नळीतून एकच गोळी २०० वर मारा. कायोटीला लागणार आहे ती हीच गोळी. ती दोन इंचांच्या आत नसेल तर आधी कारण शोधा, स्कोपच्या कड्यांचे स्क्रू सगळ्यात आधी.

माळावर गेल्यावर कायोटी कड्यावर आकाशापुढे उभा असेल तर मारू नका, मागे काय आहे ते दिसत नाही. झुंजूमुंजूला राखणीचं कुत्रंही करडंच दिसतं. नक्की ओळख पटेपर्यंत बोट चापाबाहेर.

डब्यावरचा लॉट नंबर (काडतुसं कारखान्याच्या कुठल्या खेपेतली, तो क्रमांक) त्याच चिकटपट्टीवर लिहून ठेवा. लॉट बदलला, रायफल पडली किंवा विमानातून आली, की २०० वर तीन गोळ्या पुन्हा.