थिनरमध्ये काम करताय? लिव्हरवरचा भार असा कमी करा

फर्निचर पॉलिश, गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग, चपलांना सोल्युशन लावणं, असं काम करणाऱ्यांसाठी लिहितोय. थिनरमध्ये बऱ्याचदा टोल्युईन नावाचं रसायन असतं, ते श्वासावाटे फुफ्फुसांतून रक्तात जातं आणि तसंच्या तसं लघवीतून निघत नाही कारण ते पाण्यात नीट विरघळतच नाही. म्हणून लिव्हर आधी एका एन्झाइमने (सीवायपी टू ई वन) त्याचं बेंझाइल अल्कोहोल करतं, मग बेंझोइक अ‍ॅसिड, मग त्याला ग्लायसिन जोडून हिप्पुरिक अ‍ॅसिड, आणि ते लघवीतून जातं.

पण दरवेळी लिव्हरमधून गेलं की विष संपलं असं नसतं हो! मिथेनॉलचं लिव्हरमध्ये फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि त्याने डोळे जातात. सोल्युशनमधल्या हेक्झेनपासून जे बनतं ते हातापायाच्या नसा खराब करतं. काही पेंट रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असतं, त्याचा तर शरीरात चक्क कार्बन मोनॉक्साइड बनतो. त्यामुळे दूध-गूळ खाऊन किंवा लिव्हर टॉनिक पिऊन भागणार नाही, आत जातंय तेच कमी करायला पाहिजे.

दारं-खिडक्या उघडून, हवा बाहेर फेकणारा पंखा लावून काम करा. तोंडाला रुमाल किंवा साधा एन-९५ मास्क असला तरी वाफ आरामात आत जाते, ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेलाच मास्क घ्या आणि आतून वास यायला लागला की कार्ट्रिज बदला. थिनरने हात धुणं आजच बंद करा प्लीज, कातडीतूनही ते आत जातं, आधी तेल चोळा मग साबण.

काम संपल्यावर लगेच दारू नको. तेच एन्झाइम दारूत अडकतं आणि टोल्युईन रक्तात जास्त वेळ राहतं. रोज पिणाऱ्यांमध्ये उलट हे एन्झाइम वाढतं, आणि तेच पॅरासिटामॉलचा काही भाग विषारी करतं, मग डोकं दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेतल्या तर लिव्हरला जास्तच धोका.

टोल्युईन किती आत गेलंय हे बघायला हिप्पुरिक अ‍ॅसिडची टेस्ट करायची असेल तर लघवी शिफ्ट संपताना द्या आणि त्याआधी सोडियम बेंझोएट घातलेले कोल्ड्रिंक, सॉस, पॅकेटचं लोणचं टाळा, त्यानेही आकडा वाढतो.

डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेली, असं काही दिसलं तर थिनरचा डबा घेऊनच डॉक्टरकडे जा, नाहीतर लेबलचा फोटो तरी मोबाइलमध्ये ठेवा.